जबाबदार इसमांची यादी

तेहेतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात कधीमधी ‘जिम्मेदार’ हा शब्द यायचा. पोरं त्याच्यासमोर ‘जबाबदार’ लिहायची आणि मी बरोबरची खूण करायचो. पुस्तकात तसंच आहे. पण आमच्या भागात हे दोन शब्द एक नव्हते. ते मला बी. ए. झाल्यावर कळलं, आणि ते कळण्यासाठी बारा माणसं लॉकअपमध्ये जावी लागली. त्यातला एक माझा बाप होता.

ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. बानं सांगू नको म्हटलं होतं. आता बा नाही, आणि त्या बारांपैकीही कुणी उरलेलं नाही.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा बढाई मारतो. मारतोच. बा विहिरी खोदायचा. त्याची पहार माझ्या उंचीची होती आणि तिचं टोक बारा महिने चकाकायचं. आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या निम्म्या विहिरींचा तळ त्यानं पाहिला होता. पाणी लागेपर्यंत बा विहिरीच्या बुडाशी, आणि पाणी लागलं की काठापासून चार हात लांब. आम्ही बौद्ध. त्याबद्दल बा तक्रार करायचा नाही, पण विसरायचाही नाही. मला औरंगाबादला पाठवताना एवढंच म्हणाला होता, “तू असं काय तरी शिक की ज्याच्यात खाली उतरावं लागत न्हाई.”

बी. ए. होऊन मी घरी आलो. मास्तरकीच्या ऑर्डरची वाट पाहत होतो. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचा जिल्हा तेव्हा परभणी, तालुका कळमनुरी. वारंगा फाट्यापासून आमचं गाव पायी तासाभरावर, आणि गावाच्या पलीकडं एक ओढा. ओढ्याच्या दोन अंगांना दोन गावं. त्यांची नावं मी सांगत नाही. आम्ही वरचं गाव आणि खालचं गाव म्हणायचो. दोन्ही गावं जवळपास सारखी, दोन्हीकडं एकाच जातीचे शेतकरी, एकमेकांच्यात सोयरिकी. मधल्या गायरानावरून मात्र वैर. गायरान कोणाच्या शिवेत, हे निजामाच्या काळापासून कुणी ठरवलं नव्हतं.

त्या वर्षी पोळ्यानंतर गुरं वळवण्यावरून मारामारी झाली. वरच्या गावच्या एका गड्याची तीन बोटं कुऱ्हाडीनं तुटली. खालच्या गावच्या एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं आणि महिन्याभरानं तो गेला. वरच्या गावात लोक म्हणायचे, म्हातारा तापानं मेला. खालच्या गावात म्हणायचे, अजून एक मरायचा बाकी आहे.

तहसीलनं सांगितलं, उन्हाळ्यात मोजणी करू आणि हद्दीचे दगड रोवू. उन्हाळा आठ महिने लांब होता. तोवर काय?

तेव्हा आजूबाजूच्या गावांनी ठरवलं की मोजणी होईपर्यंत आपण मधे बसायचं. सहा गावं, प्रत्येक गावची दोन माणसं. भांडणाऱ्या गावांतला एकही नाही. या कामाला लोक जिम्मा म्हणायचे. जिम्मा घेणं म्हणजे आपली मान मधे घालणं. भांडण माझं नाही, गायरान माझं नाही, पण इथं कुणी मेला तर मला तोंड दाखवायला जागा नाही, असं जो म्हणतो तो जिम्मेदार.

त्या बारांचे म्होरके एक मुसलमान गृहस्थ होते. निजामाच्या पोलिसात जमादार होते म्हणून सगळे त्यांना जमादार चाचा म्हणायचे. वय सत्तरीच्या पुढं, पाठ सरळ, डोक्यावर मेंदी लावलेले केस. आमच्या गावचा एक माणूस पाटलांच्या घरचा निघाला. दुसरं नाव चाचांनी माझ्या बापाचं घेतलं. बैठकीत कुणीतरी पुटपुटलं. चाचा म्हणाले, “दोनी गावची माणसं ज्याच्या हातचं पाणी पितेत, त्याला बसवायचं न्हाई तर कोणाला?”

“त्याच्या हातचं कुठं पितेत?” एकजण म्हणाला.

“विहीर कोणी खोदली मग? तुझ्या आज्यानं?”

लोक हसले आणि बाचं नाव पक्कं झालं.

ओढ्याच्या उतारावर एक जुनी बाभूळ होती. दोन्ही गावांची पायवाट तिच्याखालून जायची. तिथं हे बारा जण पाळीपाळीनं बसू लागले. एकावेळी सहा तरी असायचेच. त्यांनी नियम केले, सगळे तोंडी. एक दिवस वरच्या गावची गुरं गायरानात, एक दिवस खालच्या गावची. बाजाराच्या दिवशी कोणाचीच नाही. ओढा ओलांडणाऱ्यानं आधी मोठ्यानं हाक द्यायची, “येऊन राहिलो होऽ!” म्हणजे समोरच्याला दचकायला नको. आणि हातात कुऱ्हाड, विळा, कोयता काय असेल ते बाभळीला टेकवून पुढं जायचं. परत येताना आपलं आपण उचलायचं. काहींनी तर घरच्या कुऱ्हाडी कायमच्या तिथं आणून ठेवल्या. एकानं सांगितलं, “घरात दिसली की हात शिवशिवते. तुमच्यापाशीच राहू द्या.”

भाकरी दोन्ही गावांतून यायच्या. चाचा त्या एकाच टोपल्यात उलथीपालथी करून टाकायचे. कोणती कोणत्या गावची, ओळखू येऊ नये. पहिल्या दिवशी बानं टोपल्यात हात घातला तेव्हा दोघा-तिघांचे हात थांबले. चाचांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “ज्याला भूक न्हाई त्यानं घरी जावं,” ते म्हणाले. कुणी गेलं नाही. त्या दोन्ही गावांत जे कधी होऊ शकलं नव्हतं ते त्या बाभळीखाली सहा महिने रोज होत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी अधूनमधून तिथं जाऊन बसायचो. मला पाहिलं की चाचा ओरडायचे, “आव बी. ए. साब! आज काय शिकवतो आमाला?” मग मी पेपरातलं काही वाचून दाखवायचो. एकदा वाचलं की परदेशात दोन देशांच्या मधे बाहेरच्या देशांची फौज येऊन बसली आहे. बा विचार करून म्हणाला, “त्या फौजेला भाकर कोण देते?”

मला हसू आलं. आता येत नाही.

संक्रांत गेली. ज्वारी हुरड्याच्या पुढं सरकली. सहा महिन्यांत एक दगडसुद्धा उडाला नव्हता. पण या बारांनाही शेतं होती, मजुरी होती. बाचं सहा महिन्यांत एकच विहिरीचं काम झालं होतं. माणसं थकली. अशात तालुक्याच्या कुण्या पुढाऱ्यानं वर अर्ज केला की या भागात दंगलीची भीती आहे. एके सकाळी निरोप आला, बाहेरून हत्यारी पोलिसांची तुकडी येत आहे, बंदोबस्त आता सरकार करील, तुम्ही लोकांनी ताबा देऊन मोकळं व्हावं.

बाराही जणांना सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू? मला तर आनंदच झाला. मला वाटलं, सरकारनं आमची दखल घेतली.

“बा, तू काहून गप्प?” मी विचारलं.

“विहीर दुसऱ्याला सोपवता येते,” तो म्हणाला. “खडक कुठं हाय ते त्याला दाखवता येते. हे कसं दाखवावं?”

तुकडी दोन ट्रकांतून आली. पोरं बंदूकवाली, बहुतेक बाहेरच्या जिल्ह्यांतली, काही हिंदीत बोलणारी. त्यांचे साहेब चाळिशीचे, समजूतदार. बाभळीखाली बसून त्यांनी चहा घेतला आणि चाचांचं, बाचं सगळं ऐकून घेतलं. बा उठून दाखवत होता, गुरं कुठून चढतात, हाक कुठून द्यायची, भाकरी कशा मिसळायच्या. साहेब हसले पण चांगलं हसले. म्हणाले, “काका, हे सगळं मला कळलं. पण मला लेखी द्या. कोण कोण माणसं होती, काय काय जमा आहे. माझ्या फाईलला कागद लागतो.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या बारा जणांत सही करणारे तिघे होते, आणि चाचा लिहायचे ते उर्दूत.

मी पेन काढलं. शर्टाच्या खिशाला नेहमी असायचं, लिहायचं नसलं तरी. बा शेजारच्या एकाला हळूच म्हणाला, “अक्षर पाहा आता.”

चाचा म्हणाले, “लिख बेटा, जिम्मेदार लोकायची नावं.”

माझा हात थांबला. कॉलेजात आमचे मराठीचे सर आमच्या भागातल्या पोरांच्या वह्यांत असल्या शब्दांवर लाल रेघ मारायचे. तकलीफ, बराबर, जिम्मा. “निजाम गेला, तुम्ही कधी जाणार?” असं विचारायचे आणि वर्ग हसायचा. मी तीन वर्षांत ते शब्द जिभेवरून खरवडून काढले होते. सरकारी कागदावर ‘जिम्मेदार’ लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. मी ठळक अक्षरात मथळा लिहिला: ‘गायरानाच्या भांडणाबाबत जबाबदार इसमांची यादी’. खाली बारा नावं, गाव, वय. चाचांचं पहिलं, बाचं दुसरं.

त्याखाली बाभळीच्या बुंध्याशी असलेली अवजारं लिहायची होती. तिथं मात्र मी आमचाच शब्द ठेवला. आमच्याकडं सुताराचं हत्यार, न्हाव्याचं हत्यार, शेतकऱ्याचं हत्यार असंच म्हणतात. मी लिहिलं, ‘वरील इसमांच्या ताब्यात असलेली हत्यारे: कुऱ्हाडी, कोयते, विळे.’

बा म्हणाला, “गुरायचे वार बी लिही. बाजाराच्या दिवशी कोणाचीच न्हाईत, हे लिही. अन् साहेबाला म्हण, मुक्काम ओढ्यावरच करा, कोण्या गावात करू नका.”

“बा, असलं सरकारी कागदात लिहीत नसतात,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मी शिकलेला होतो. मला ठाऊक असणार.

वाचून दाखवलं तेव्हा बाराही जणांना ते फार भारदस्त वाटलं. चाचांनी उर्दूत सही केली, बानं अंगठा दिला. खाली मी ‘लेखक’ म्हणून सही केली, नावापुढं बी. ए. लिहून. साहेबांनी कागद घडी करून फाईलला लावला. त्यांनी ती अवजारंही बघितली, आणि त्यांना कळलं होतं ती काय आहेत. त्यांना कळलं होतं, हे मी पुन्हा सांगतो. ते तिथं असते तर पुढचं घडलं नसतं.

आठच दिवसांत त्या साहेबांची बदली दुसरीकडं झाली. त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांना आमच्यापैकी कुणीच भेटलं नव्हतं. त्यांना भेटला तो माझा कागद.

दरम्यान तुकडीनं खालच्या गावच्या शाळेत मुक्काम केला होता. तिथं पत्र्याचं छप्पर होतं आणि हापसा होता, दुसरं कारण नव्हतं. पण वरच्या गावात लोक ओढ्याकाठी येऊन उभे राहायचे आणि पलीकडं शाळेपुढं वाळत घातलेल्या खाकी कपड्यांकडं बघायचे. भाकरी एकाच गावातून जायला लागल्या. कपडे कुणी धुतले, कोंबडी कुणी दिली, सगळं वरच्या गावाला ओढ्यापलीकडून दिसायचं.

मग एका सकाळी वरच्या गावची गुरं त्यांच्या वारी गायरानात उतरली. खालच्या गावच्या लोकांनी पोलिसांना सांगितलं, ही आमच्या शिवेत घुसली. वार कागदावर नव्हता. शिपायांनी गुरं हाकलली. एक कालवड खडकावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. वरून दगड आला, शिपायाच्या खांद्याला लागला.

नव्या साहेबांनी फाईल उघडली. ‘भांडणाबाबत जबाबदार इसम’ बारा, नाव-गावासकट. ‘ताब्यात असलेली हत्यारे’ बाभळीला टेकलेली, जाऊन पाहिली तर खरोखर तिथंच. त्यांनी काय करायला पाहिजे होतं? मी त्यांच्या जागी असतो आणि हा कागद माझ्यासमोर आला असता तर मीही तेच केलं असतं.

दुपारपर्यंत जीप सहाही गावांतून फिरली. बा त्या दिवशी शेजारच्या गावात विहिरीत उतरलेला होता. वरून शिपायानं हाक मारली. बाला वाटलं मालक आहे. “जरा दम धरा, ओल लागली,” तो खालून म्हणाला. त्याला दोरानं वर काढलं आणि तसाच ओल्या मातीचा जीपमध्ये बसवला. माय धावत माझ्याकडं आली. “अरे, तुझ्या बाला नेलं. काहून नेलं? तू शिकलेला हायेस, जाऊन विचार.”

मी फाट्यावर आलो. कळमनुरीची बस यायची होती. फाट्यावर हॉटेलांच्या मागं एका लोहाराचं पाल होतं. नेहमी तिथं एखाददुसरं बैलगाडीचं काम असायचं. त्या दिवशी रांग होती. पोलिसांनी बाभळीखालची सगळी अवजारं जप्त करून ट्रकमध्ये टाकली होती, आणि दोन्ही गावांच्या पुष्कळ घरांत कुऱ्हाड उरली नव्हती. वरच्या गावची माणसं आणि खालच्या गावची माणसं एकाच रांगेत उभी होती, एकमेकांकडं न बघता. भाता चालत होता. लोहारीण घण मारत होती. तुटक्या बोटांचा तो गडी पुढून तिसरा होता, डाव्या हातात लोखंडाची पट्टी धरून. त्यानं मला ओळखलं.

“मास्तर, तुमचे बा सुटले का?”

“न्हाई. चाललो आता.”

“सुटले की सांगा त्यायला, आमी लई दिवस वाट पाहिली म्हनावं.”

मी विचारलं, “मोजणीपर्यंत दम धरता येत न्हाई का?”

तो म्हणाला, “कोणापाशी धरावं? बाभळीखाली तर कोणीच न्हाई.” आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकला.

ठाण्यात साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. बी. ए. म्हटल्यावर दिली. मी सांगू लागलो की हे लोक दंगल करणारे नाहीत, दंगल थांबवणारे आहेत. त्यांनी फाईल माझ्याकडं फिरवली.

“हे कोणाचं अक्षर?”

“माझं.”

“मराठी तुम्हाला येतं ना?”

“त्यातच बी. ए. केलंय.”

“मग वाचा.”

मी वाचलं. माझं अक्षर खरोखर सुंदर होतं. त्या सुंदर अक्षरात मी बारा माणसांचा गुन्हा लिहून दिला होता आणि खाली सही केली होती. मी म्हणालो, “साहेब, इथं जबाबदार म्हणजे जिम्मेदार.”

“तेच ना?” साहेब म्हणाले. “दोन्ही एकच.”

मला दोन्ही शब्दांतला फरक मराठीत सांगता येईना. मी बोलत राहिलो, ते घड्याळ बघत राहिले. शेवटी त्यांनी बाला समोर आणलं. अंगावरची माती वाळून तडकली होती.

“हा कागद तुम्ही लिहून दिला?”

बानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड त्याला वाचता येत होतं. त्यानं साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाला, “व्हय. मी सांगितलं तसं पोरानं लिहिलं. त्याचा काई कसूर न्हाई. जिम्मा माझा.”

पाच दिवस ठेवून त्यांना सोडलं. आधीच्या साहेबांपर्यंत निरोप गेला आणि त्यांनी तिकडून सांगितलं, म्हणून सोडलं. नाही तर अजून राहिले असते. चाचा बाहेर आले तेव्हा त्यांची पाठ वाकलेली होती. ज्या कोठडीला त्यांनी तरुणपणी पहारा दिला होता तिच्यातच त्यांना ठेवलं होतं. बसमधून उतरताना मला म्हणाले, “अक्षर लई अच्छा है तेरा, बेटा.” त्यात टोमणा होता का नव्हता, मी आजवर ठरवू शकलो नाही. ते पुन्हा घराबाहेर पडले नाहीत.

फाट्यावरून घरी चालत येताना मी बाला सांगितलं. सरांची लाल रेघ, जिम्मेदार, जबाबदार, सगळं.

“बाकीच्यायला सांगू नको,” तो म्हणाला.

“काहून?”

“ते आपली पोरं शिकवणार न्हाईत मग.”

मी रडलो नाही. शिकलेला माणूस रस्त्यात रडत नाही असं मला तेव्हा वाटायचं.

चैत्रात मोजणीची तारीख आली. त्याच्या दोन दिवस आधी पोलिसांची तुकडी दुसऱ्या कुठल्या बंदोबस्तावर गेली. चार शिपाई मागं ठेवले. जाण्याआधी साहेबांचा माणूस आमच्या गावात आला. म्हणाला, साहेब म्हणतात, तुमच्या लोकांनी मोजणीपुरतं पुन्हा बसावं, पहिल्यासारखं. बा बाकीच्यांच्या घरोघर गेला. कुणी म्हणालं ज्वारीचं खळं आहे, कुणी म्हणालं अंगात कणकण आहे. पाटलांच्या घरचा माणूस सरळ बोलला: “एकदा जिम्मा घेतला तर कोठडी दाखवली. आता घेतला तर फाशी देतील.”

मोजणीच्या दिवशी सकाळी बा पहार खांद्यावर घेऊन निघाला. मी मागं गेलो. त्यानं नको म्हटलं नाही.

बाभळीखालचं गवत सहा महिन्यांच्या बसण्यानं मेलेलं होतं, ते अजून उगवलं नव्हतं. बानं पहार बुंध्याला टेकवली, जिथं कुऱ्हाडी टेकवायचे तिथं, आणि खाली बसला. फडक्यात बांधलेल्या चार भाकरी समोर ठेवल्या. चारही आमच्याच घरच्या.

आठ-नऊच्या सुमाराला मोजणीवाले साखळी घेऊन गायरानात चढले. मग दोन्ही गावांतून माणसं निघाली. पायवाट बाभळीखालूनच होती. ओढा ओलांडताना कुणीही हाक दिली नाही. मी कान देऊन होतो, एकानंही नाही. एकामागून एक समोरून जात होते, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर नवी कुऱ्हाड होती. दांडे अजून पांढरे होते. बा प्रत्येकाकडं बघत होता आणि मग बुंध्याकडं बघत होता, म्हणजे इथं ठेवा. काहीजण मान खाली घालायचे. एकानं, ज्यानं पूर्वी स्वतःहून कुऱ्हाड आणून ठेवली होती त्यानं, थांबून “राम राम, बाबा” म्हटलं. त्याचा हात खांद्याकडं गेला. मागच्यानं त्याला ढकललं. “चाल बे,” म्हणाला. तो गेला.

ऊन चढलं. वाटेवरचं येणं थांबलं. बुंध्याला एकटी पहार टेकलेली होती.

वरच्या अंगाला आधी मोजणीवाल्याचा आवाज आला, साखळी ओढा, साखळी ओढा. मग एकाच वेळी पुष्कळ आवाज. बा उठला. मी पहार उचलायला गेलो तर त्यानं माझं मनगट धरलं.

“ठिवलेली उचलू नको,” तो म्हणाला. “अन् तू इथंच बस.”

तो रिकाम्या हातानं वर गेला.

त्या दिवशी गायरानात दोन माणसं जिवानिशी गेली, एक वरचा, एक खालचा. खालचा म्हणजे तोच, राम राम म्हणणारा. बाच्या उजव्या दंडावर घाव बसला तो दोघांच्या मधे हात घातल्यामुळं. तो हात नंतर खांद्याच्या वर गेला नाही, आणि बा पुन्हा विहिरीत उतरला नाही. ठाण्यात जबाब घेताना त्यांनी मला विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही कुठं होता?

मी म्हणालो, बाभळीखाली, पहारीपाशी.

शिपायानं लिहिलं, ‘सदर इसम हत्यारापाशी हजर होता.’ त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, “वाचा आणि सही करा.”